मॉडेम एक, कॉम्प्युटर दोन : आयपी पत्ता सोडण्या-घेण्याच्या नोंदी

४ फेब्रुवारी

मावशीच्या टेबलावर आजपासून दोन यंत्रं आहेत, जुना डेस्कटॉप आणि नवा लॅपटॉप. जुना लगेच काढता येत नाही, कारण तिचा स्कॅनर फक्त त्याच्यावरच चालतो. नव्या विंडोजसाठी त्या स्कॅनरचा ड्रायव्हर निघालेलाच नाही. स्कॅनिंगचं काम संपेपर्यंत नेट कधी याला तर कधी त्याला लावावं लागणार. केबल मॉडेमला मागे इथरनेटचं एकच पोर्ट, मधे राउटर नाही, आणि सेवा देणाऱ्यांकडून आयपी पत्ता (नेटवर यंत्र ओळखायचा आकडा) मिळतो तोही एकच.

काम सोपं दिसतंय: वायर इथून काढायची, तिथे लावायची. तरी हात लावण्याआधी जुन्या यंत्राची आजची स्थिती उतरवून घेतली. कमांडच्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिलं की सगळं एका जागी दिसतं.

आयपी पत्ता २०३.०.११३.४५. (खरा पत्ता इथे लिहीत नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते लिखाणातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते वापरते.)
लीज मिळाली: आज सकाळी ७:१०. संपणार: उद्या सकाळी ७:१०.
नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाला कारखान्यातच मिळालेला ओळख-क्रमांक): बारा अक्षर-अंक. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कागद मॉडेमखाली सरकवला.

लीज म्हणजे भाडेकरार. आयपी पत्ता आपल्या मालकीचा नसतो, सेवा देणाऱ्यांकडचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारं यंत्र, तो ठरावीक मुदतीपुरता देतो. इथे मुदत २४ तासांची आहे. निम्मी मुदत सरली, म्हणजे १२ तास झाले, की कॉम्प्युटर आपणहून त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आलं नाही तर सात-अष्टमांश मुदतीला, म्हणजे २१ व्या तासाला, जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला विचारतो. यंत्र रोज चालू राहिलं तर करार संपतच नाही आणि तोच पत्ता महिनोन्‌महिने टिकतो. मावशीला तो कायमचा वाटत होता, तो यामुळे.

५ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न फसला.

लॅपटॉपला इथरनेटचं पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचा अडॅप्टर लावला. डेस्कटॉपची वायर काढून त्यात घातली. अडॅप्टरचा हिरवा दिवा लागला, मॉडेमचे दिवेही सगळे ठीक. लॅपटॉप मिनिटभर 'ओळखतोय' म्हणत राहिला आणि शेवटी पत्ता दाखवला १६९.२५४ ने सुरू होणारा.

हा पत्ता दिसला की एक गोष्ट नक्की समजावी: डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेलं नाही. कुणीच पत्ता देत नाही म्हटल्यावर विंडोज या राखीव मालिकेतला एक पत्ता स्वतःच घेतो. त्याने त्याच वायरीवरच्या शेजाऱ्याशी बोलता येतं, बाहेर जाता येत नाही. हा पत्ता घेऊन ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

'आयपीकॉन्फिग /रिन्यू', म्हणजे पत्ता नव्याने मागायची कमांड, तीनदा दिली. प्रत्येक वेळी बराच वेळ थांबून सर्व्हर सापडत नाही असा निरोप. वायर परत डेस्कटॉपला लावली तर काही सेकंदांत नेट सुरू.

कारण मॉडेममध्येच आहे. केबल मॉडेमला सेवा देणाऱ्यांकडून जी फाइल मिळते, तिच्यात मागे किती यंत्रं चालवायची याची मर्यादा असते. ती दिलेली नसेल तर एक धरतात. मॉडेम सुरू झाल्यावर जो मॅक पत्ता पहिल्यांदा बोलतो, तो मॉडेम लक्षात ठेवतो. आकडा भरला की बाकी कुणाचंही बोलणं पुढे जाऊ देत नाही. ही आठवण कितीही वेळ थांबलं तरी पुसली जात नाही, मॉडेम बंद-चालू केला तरच जाते. म्हणजे उद्याचं काम ठरलं.

६ फेब्रुवारी

मॉडेमचा प्लग काढला, मिनिटभर थांबले, वायर लॅपटॉपला लावून मॉडेम सुरू केला. दिवे एकेक करत स्थिरावले. लॅपटॉपवर पुन्हा १६९.२५४.

याची अपेक्षा नव्हती. वायर डेस्कटॉपला लावून पाहिली, तर आता तोही बंद! मॉडेमने या खेपेला लॅपटॉपला ओळखीचं मानलं होतं, त्यामुळे डेस्कटॉप परका झाला. मावशीची फाइल संध्याकाळी जायची होती. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "अगं, सकाळपर्यंत चालत होतं ना?" मला फार वाईट वाटलं. डेस्कटॉप जोडलेला ठेवून मॉडेम पुन्हा बंद-चालू केला, तेव्हा नेट आलं. पत्ता तोच, ४५ चा. फाइल वेळेत गेली.

मग सेवा देणाऱ्यांच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पहिल्या माणसाने मॉडेम बंद-चालू करायला सांगितलं. दुसऱ्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि एका वाक्यात गाठ सोडवली: "मॅडम, तुमच्या मॉडेमवर आमच्याकडे एकच लीज चालते. जुनी सुटत नाही तोवर नवीन मिळणार नाही."

आता चित्र जुळलं. लॅपटॉपची मागणी मॉडेममधून सेवा देणाऱ्यांच्या केंद्रावर जाते. तिथलं यंत्र ती पुढे सर्व्हरकडे देताना तिच्यावर 'ही अमुक मॉडेममागून आली' असा शिक्का मारतं. (डीएचसीपीमध्ये यासाठी ८२ क्रमांकाचा पर्याय आहे, २००१ पासून.) त्यामुळे सर्व्हरला कळतं की या मॉडेममागे एक करार आधीच चालू आहे, आणि तो गप्प बसतो.

म्हणजे कुलपं दोन आहेत. एक मॉडेमच्या आठवणीचं, दुसरं सर्व्हरच्या वहीचं. मॉडेम बंद-चालू केल्याने पहिलं उघडतं, दुसऱ्याला धक्काही लागत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र कुठलंही कुलूप लागलेलं असो, दिसतं अगदी सारखंच: उत्तर नाही आणि १६९.२५४. काल आणि आज मी एकाच चेहऱ्याच्या दोन वेगळ्या अडचणींशी झगडत होते.

७ फेब्रुवारी

आज वायरशार्क (वायरीवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून काम केलं. फिल्टरच्या चौकटीत 'डीएचसीपी' लिहिलं की बाकी गर्दी जाते आणि फक्त पत्त्याची देवाणघेवाण दिसते. कॉम्प्युटर ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो, सर्व्हर ६७ वरून.

सकाळी डेस्कटॉपवर, वायर जागेवर असताना, पत्ता सोडायची 'आयपीकॉन्फिग /रिलीज' कमांड दिली. कमांडची खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते, नाहीतर परवानगी नाकारतो. वायरशार्कमध्ये एकच ओळ उमटली: रिलीज. आपल्या पत्त्यावरून थेट सर्व्हरच्या पत्त्याला गेलेलं एकच पॅकेट. उलट काही आलं नाही, कारण रिलीजला उत्तर द्यायची पद्धतच नाही. आपण 'सोडला' म्हणायचं आणि निघायचं. पॅकेट वाटेत हरवलं तर कुणालाच कळणार नाही.

यातूनच दिसतं की वायर आधी काढून मग रिलीज देण्याला अर्थ नाही. ते मुद्दाम करूनही पाहिलं: वायर काढलेली असताना विंडोज सांगतो की जोडणीच नाही, काही करता येत नाही. निरोप बाहेर पडायला वायर लागते. आणि हा निरोप नव्या यंत्रावरून देता येत नाही. ज्याच्या नावावर करार आहे त्यानेच तो सोडायचा. परवा लॅपटॉपवर मी रिलीज-रिन्यू कितीही दिलं असतं तरी उपयोग नव्हता. त्याच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच.

रिलीज झाल्यावर मॉडेमला हात न लावता वायर लॅपटॉपला लावली. अपेक्षेप्रमाणे नेट नाही. वायरशार्कमध्ये लॅपटॉपच्या हाका दिसत होत्या, डिस्कव्हर, पुन्हा डिस्कव्हर, दर वेळी मधलं अंतर वाढत जाणारं. उत्तर एकही नाही. सर्व्हरची वही मोकळी झाली होती, पण मॉडेम हाक बाहेर जाऊच देत नव्हता.

मग मॉडेम बंद केला. मिनिटभराने चालू केला आणि लॅपटॉपवर नजर ठेवली. सुरुवातीला पत्ता आला १९२.१६८.१००.१०, आणि माझ्या पोटात गोळा आला. पण हा मॉडेमचाच पत्ता आहे. स्वतः बाहेर जोडला जाईपर्यंत काही केबल मॉडेम मागच्या यंत्राला थोड्या वेळासाठी असा पत्ता देतात, म्हणजे मॉडेमचं १९२.१६८.१००.१ हे पान उघडून बघता येतं. दिवे स्थिर झाले, तो पत्ता गेला, आणि मग पडद्यावर चार ओळी एकाखाली एक आल्या:

डिस्कव्हर: कुणी पत्ता देतं का?
ऑफर: हा घे, २०३.०.११३.११२.
रिक्वेस्ट: हाच हवा.
अ‍ॅक: दिला, २४ तासांसाठी.

चारही ओळी मिळून सेकंदही लागला नाही. तीन दिवस ज्याची वाट पाहिली ते हेच.

चारही प्रकार आता करून झाले. काहीच न करता वायर बदलली: नाही. फक्त मॉडेम बंद-चालू: नाही. फक्त रिलीज: नाही. दोन्ही: हो.

संध्याकाळी उलट दिशेने तेच केलं. लॅपटॉपवर रिलीज, वायर काढली, मॉडेम बंद, वायर डेस्कटॉपला, मॉडेम चालू. डेस्कटॉपला पुन्हा ४५ चाच पत्ता मिळाला. करार सोडला तरी सर्व्हर जुन्या भाडेकरूची नोंद लगेच फाडून टाकत नाही, जागा रिकामी असेल तर तीच देतो.

लिनक्सवर हेच काम जुन्या पद्धतीत 'डीएचक्लायंट -आर' आणि मग नुसतं 'डीएचक्लायंट' करतं. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये टीसीपी/आयपीखाली लीज नवी करायचं बटण असतं.

९ फेब्रुवारी

मावशीने आज माझ्याशिवाय अदलाबदल केली आणि ती फसली. फोनवर म्हणाली, "तू सांगितलंस तसंच केलं गं. रिलीज दिलं, मॉडेम बंद केला, चालू केला, मग वायर बदलली."

चूक क्रमाची होती, आणि ती माझ्या सांगण्यात होती. मी 'वायर काढ' हे मधे ठासून सांगितलं नव्हतं. डेस्कटॉपने पत्ता सोडला, पण वायर त्यालाच राहिली. मॉडेम बंद झाला तेव्हा त्याला जोडणी तुटलेली दिसली, मॉडेम चालू झाल्यावर ती परत आली. जोडणी परत आली की विंडोज कुणी सांगायची वाट पाहत नाही, आपणहून पत्ता मागतो. त्यामुळे दोन्ही कुलपं पुन्हा डेस्कटॉपच्या नावाने लागली.

तिला नवा क्रम लिहून पाठवला: जुन्यावर रिलीज. लगेच त्याची वायर काढ. मग मॉडेम बंद. वायर दुसऱ्याला. मग मॉडेम चालू. तिने फोन चालू ठेवूनच केलं आणि जमलं.

ज्या मॉडेममध्ये टेलिफोनसाठी बॅटरी असते तिथे प्लग काढून मॉडेम बंद होत नाही, दिवे लागलेलेच राहतात आणि आठवणही. तिथे बॅटरीही काढावी लागते. टाचणीने दाबायच्या बारीक भोकातलं बटण मात्र दाबून धरू नये, त्याने बऱ्याच मॉडेमची सगळी सेटिंग्ज पुसतात.

१४ फेब्रुवारी

सकाळी डेस्कटॉप सुरूच झाला नाही. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. पॉवर सप्लाय गेला असणार. काल रात्री मावशीने स्कॅनिंगसाठी नेट त्यालाच लावलेलं होतं. म्हणजे करार त्याच्या नावावर, मॉडेमलाही तोच ओळखीचा, आणि रिलीज देणारा निपचित पडलेला.

रास्त मार्ग दोन होते: लीज संपेपर्यंत थांबायचं, किंवा मदत-क्रमांकावरून जुनी लीज काढून घ्यायची. मावशीला दुपारपर्यंत दोनशे पानं पाठवायची होती. मदत-क्रमांक लागतच नव्हता.

तेव्हा मॉडेमखालचा कागद आठवला. लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर उघडलं, यूएसबी अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' नावाची नोंद. एरवी ती रिकामी असते आणि कार्ड आपला कारखान्यातला मॅक पत्ता वापरतं. तिथे कागदावरचे बाराही अक्षर-अंक भरले, मधल्या रेघा न घालता. मावशी एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, मी टाइप करत होते. शेवटचं अक्षर '८' की 'बी' यावर आम्ही दोघी कागद खिडकीपाशी नेऊन थांबलो. '८' होतं.

ओके दाबलं. अडॅप्टर क्षणभर बंद होऊन चालू झाला. पत्ता ४५ चा. मॉडेम बंद-चालू केला नाही, रिलीज दिलं नाही. मॉडेमला ओळखीचं कार्ड दिसलं, सर्व्हरला जुना भाडेकरू दिसला, दोघांच्या लेखी काही बदललंच नव्हतं. मावशीने खांद्यावर हात ठेवला आणि लगेच कामाला बसली.

पहिल्या दिवशी ते बारा अक्षर-अंक उतरवून घेतले नसते तर आज काही करता आलं नसतं. बंद पडलेल्या यंत्राला त्याचा मॅक पत्ता विचारता येत नाही. क्वचित खोक्याच्या मागे चिकटवलेला असतो, याच्या मागे नव्हता.

१८ फेब्रुवारी

डेस्कटॉप दुरुस्त होऊन आला. आता एकच मॅक पत्ता दोन यंत्रांवर आहे. एका वेळी एकच जोडलेलं आहे तोवर चालेल, पण दोन्ही एका स्विचवर किंवा राउटरमागे आली की पॅकेट कुणाला द्यायचं हे कुणालाच कळणार नाही. म्हणून ती नोंद काढायचीच. आधी लॅपटॉपवर रिलीज दिलं, म्हणजे ४५ चा करार सुटला. मग वायर काढली, 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' रिकामा केला, मॉडेम बंद करून वायर पुन्हा लॅपटॉपला लावली आणि मॉडेम चालू केला. लॅपटॉपला त्याचा ११२ परत मिळाला.

हे करताना सुचलं, आणि इतके दिवस सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. मॅक पत्ता लॅपटॉपचा नाहीच, तो यूएसबी अडॅप्टरचा आहे. मॉडेम आणि सर्व्हर कॉम्प्युटरला कधीच ओळखत नव्हते, कार्डाला ओळखत होते. मग कार्डच इकडून तिकडे नेलं तर?

डेस्कटॉपवर अडॅप्टरचा ड्रायव्हर घातला. लॅपटॉपमधून अडॅप्टर वायरीसकट काढला आणि डेस्कटॉपच्या यूएसबीत लावला. सहा-सात सेकंदांत नेट, पत्ता ११२. परत लॅपटॉपला लावला, तोच पत्ता. रिलीज नाही, मॉडेमला हात नाही. मावशीने स्वतः चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा चाललं.

हे इथे चाललं कारण विंडोज सर्व्हरला आपली ओळख सांगताना मॅक पत्ताच सांगतो. काही लिनक्स यंत्रं त्याऐवजी यंत्राची स्वतःची वेगळी खूण पाठवतात, जी कार्ड हलवलं तरी यंत्राबरोबर राहते. तिथे अडॅप्टर हलवल्याने मॉडेमचं कुलूप उघडेल, पण सर्व्हरला तो दुसराच भाडेकरू वाटू शकतो. तसं झालं तर ७ तारखेचा क्रम आहेच.

२६ फेब्रुवारी

स्कॅनिंग अजून दोन आठवडे चालणार. अडॅप्टरची पद्धत रोज चालू आहे, एकदाही फसली नाही. तरी मावशीला राउटर घ्यायला लावला आणि आज बसवला. कॉम्प्युटर थेट बाहेरच्या पत्त्यावर ठेवणं मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. जगातल्या कुठल्याही यंत्राला त्याच्या दारावर थाप मारता येते, आणि जुन्या विंडोजला आता दुरुस्त्याही मिळत नाहीत. हे मी महिनाभर आधीच करायला हवं होतं.

"राउटर आल्यावर हे सगळं संपेल ना?" मावशीने विचारलं. संपेल, पण आज एकदा करावंच लागेल, असं सांगितलं, कारण मॉडेमच्या नजरेला राउटर हे तिसरं कार्ड. लॅपटॉपवर रिलीज, वायर काढली, मॉडेम बंद, वायर राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटसाठीच्या) पोर्टला, मॉडेम चालू, दिवे स्थिर झाल्यावर राउटर चालू. राउटरच्या पानावर पत्ता दिसला: २०३.०.११३.७८. त्याच पानावर रिलीज आणि रिन्यू अशी दोन बटणंही आहेत. पुढे कधी राउटर बदलायचा झाला तर पहिलं बटण दाबून मग वायर काढायची.

आता डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी नेटवर आहेत, १९२.१६८.१.२० आणि १९२.१६८.१.२१. हे पत्ते राउटर देतो, मॉडेमला त्यांचा पत्ताही नाही. मॉडेमखालचा जुना कागद काढून नवा ठेवला. त्यावर राउटरच्या वॅन पोर्टचा मॅक पत्ता, बाराही अक्षर-अंक, मावशीच्या अक्षरात. '८' तिने मुद्दाम मोठा काढलाय.